पाना घरचा, प्रेस गॅरेजची

जालना जिल्ह्यात गाडीचं सस्पेन्शन खराब व्हायला सुरुवात होते ती गाडीत नव्हे, जमिनीत. बेसॉल्टच्या काळ्या पाषाणावर तयार झालेली इथली माती कापसाला, तुरीला, सोयाबीनला मानवते. रस्त्याला मात्र ती टिकू देत नाही. पावसात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ज्या रस्त्याखाली मुरमाचा थर पुरेसा नाही, कडेने पाणी काढून देणारी नाली नाही, तो रस्ता मातीबरोबर वरखाली होतो. आधी कडा तुटतात, मग डांबरावर लाटा उठतात, मग भेगेतून पाणी आत शिरतं आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे खड्डा पडतो. भोकरदन-जाफराबादकडे जा, नाहीतर मंठा-परतूरकडे. मुख्य रस्ता सोडून गावाकडे वळलं की गाडीच्या खालच्या बाजूचा प्रत्येक जोड आपली परीक्षा देऊ लागतो.

१ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतून वेगळा काढलेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा गाड्यांवर चालतो. औद्योगिक वसाहतीत भंगार घेऊन ट्रक येतात आणि सळया घेऊन जातात. अंबड-घनसावंगीच्या पट्ट्यातून ऊस निघतो, मोसंबीच्या बागांतून पिकअप भरून फळ बाजारात येतं. शिक्षक, ग्रामसेवक, दूधवाले, बियाण्यांच्या प्लॉटवर देखरेख करणारी माणसं रोज मोटारसायकलवर असतात. घरात एक जुनी मारुती किंवा बोलेरो असली तर ती दवाखान्यापासून लग्नापर्यंत सगळ्याला धावते. या सगळ्या गाड्यांना कधी ना कधी खडखड सुरू होते, आणि मालकासमोर प्रश्न येतो: पार्ट आणून आपणच बदलावा, की गाडी मिस्त्रीच्या हवाली करावी?

प्रश्न पैशाचा वाटतो. जालन्यात तरी तो पैशाचा कमी आणि जाणतेपणाचा जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे.

घराचं काम, लोहाराचं काम

दोन पिढ्यांपूर्वी हाच प्रश्न बैलगाडीपुरता होता आणि त्याचं उत्तर गावाला ठाऊक होतं. वंगण घालणं, आसाकडे लक्ष ठेवणं, चाकाची कुणी, म्हणजे आसाच्या टोकाची खीळ, ढिली झाली असेल तर ठोकणं हे शेतकऱ्याचं घरचं काम. चाक बांधायचं ते सुताराने आणि त्यावर लोखंडी धाव चढवायची ती लोहाराने. तापवलेली धाव लाकडी चाकावर बसवून पाणी मारलं की ती आकसून चाकाला घट्ट आवळते. ते काम घरी करून पाहायच्या भानगडीत कुणी पडत नसे. त्यात कमीपणा नव्हता. मात्र चाक कुरकुरतंय हे गाडीवानाला कळत नाही, असंही कधी होत नसे.

मोटार आली आणि ही वाटणी मोडली. गाडीच्या खाली काय आहे हे पाहणं मालकाचं काम राहिलं नाही. एकीकडे कशालाच हात न लावणारे, दुसरीकडे मोबाइलवर एक व्हिडिओ पाहून थेट पुढचा शॉकअप उघडायला बसणारे, अशी दोन टोकं तयार झाली. ही वाटणी नव्याने, आजच्या गाडीसाठी, नीट मांडण्याची गरज आहे.

खडखड काय सांगते

सस्पेन्शनचं काम थोडक्यात सांगता येतं. स्प्रिंग किंवा पाटा गाडीचं वजन पेलतो आणि धक्का झेलतो. शॉकअप त्या स्प्रिंगची उसळी आवरतो. बाकीचे आर्म, रॉड, बुश आणि बॉल जॉइंट चाकाला त्याच्या जागी धरून ठेवतात आणि तरीही हलू देतात. झिजतात ते मुख्यतः हलणारे सांधे आणि रबर.

प्रत्येक झिजेचा आवाज वेगळा असतो. खराब रस्त्यावरून सावकाश जाताना पुढच्या चाकाकडून बारीक टकटक येत असेल, तर पहिला संशय लिंक रॉडवर किंवा स्टॅबिलायझरच्या बुशवर घ्यावा. ब्रेक मारताना एकदाच ठक् असा आवाज येत असेल, तर बहुधा लोअर आर्मचा बुश फाटलेला असतो. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना वरून कटकट ऐकू आली, तर शॉकअपच्या माथ्यावरचं माउंटिंग किंवा बेअरिंग पाहावं. गतिरोधक ओलांडल्यावर गाडी एकदा उसळून बसायच्या ऐवजी डोलत राहिली, तर शॉकअपमधला जोर संपलेला आहे.

डोळ्यांना आणि हातांनाही बरंच कळतं. शॉकअपच्या अंगावर ओलं तेल आणि त्याला चिकटलेली धूळ दिसली की सील गेलं. टायरवर तळहात फिरवून पाहिला आणि रबर जागोजागी उंचसखल लागलं, तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाही, उड्या मारतंय. टायरची फक्त आतली कड झिजली असेल, तर अलाइनमेंट बिघडलेलं आहे किंवा बुश ढिला आहे. गाडी जॅकने उचलून, लोखंडी घोडीवर (जॅक स्टँडवर) ठेवून, चाक वरून आणि खालून धरून हलवलं आणि खेळ जाणवला, तर बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग तपासायचं. डावीउजवीकडे धरून हलवल्यावर खेळ जाणवला, तर टाय रॉडचं टोक.

हे सगळं तपासायला फार वेळ लागत नाही आणि खर्च जवळपास काहीच नाही. एवढं निदान प्रत्येक मालकाला आणि चालकाला आलंच पाहिजे. ते आलं की गॅरेजमध्ये 'गाडी वाजतेय, बघा जरा' असं मोघम सांगावं लागत नाही. 'डाव्या बाजूला, ब्रेक मारताना, एकदाच ठक् वाजतं' असं सांगितलं की चांगल्या मिस्त्रीचं निम्मं काम होतं. अर्धवट मिस्त्रीलाही चांगला पार्ट काढून टाकण्याची संधी राहत नाही.

मजुरीचं गणित

अमेरिकेत किंवा युरोपात माणसं आपल्या गॅरेजात गाडीखाली झोपतात, त्यामागे मोठं कारण मजुरीचं असतं. तिथे मेकॅनिकच्या तासाचा दर इतका असतो की पुष्कळदा पार्टपेक्षा मजुरीच जास्त होते. त्यामुळे स्वतः काम केलं की निम्मा खर्च वाचतो, हे तिथलं गणित बरोबर आहे. तिथले व्हिडिओ पाहून आपल्याकडे तेच गणित लावलं जातं आणि तिथेच फसगत होते.

अंबड चौफुली, मंठा चौफुली, भोकरदन नाका, कुठूनही जालना शहराबाहेर पडा. रस्त्याच्या कडेला गॅरेजं दिसतात. इथे लिंक रॉडसारख्या कामाची मजुरी बहुतेक वेळा पार्टच्या किमतीपेक्षा कमी असते. घरी तेच काम करायचं तर चांगला गोटी पान्यांचा सेट, रिंग पाने, दोन लोखंडी घोड्या, टॉर्क पाना एवढं आधी लागतं. एका कामासाठी हा खर्च कधीच वसूल होत नाही. गाडी अनेक वर्षं ठेवायची असेल, घरात दोन-तीन वाहनं असतील, तरच हत्यारांचे पैसे निघतात.

म्हणून जालन्यात स्वतः काम शिकण्याचं कारण वेगळं आहे. आपण काम केलं की कोणता पार्ट बसला हे नक्की कळतं. नट किती आवळला हे कळतं. शेजारचा बुशही फुटत आलाय हे दिसतं. मजुरी वाचवण्यासाठी हात काळे करू नयेत. गाडी समजून घेण्यासाठी जरूर करावेत.

घरी जमणारी कामं

सुरुवात मोटारसायकलपासून करावी. आपल्याकडच्या साध्या गाड्यांना मागे दोन शॉकअप असतात, प्रत्येक वर एका आणि खाली एका नटाने धरलेला. गाडी मधल्या स्टँडवर घ्यायची आणि एका वेळी एकच बाजू सोडायची. दुसरी बाजू जागेवर असली की मागचं चाक धरणारा चिमटा खाली पडत नाही आणि नवा शॉकअप सरळ बसतो. बदलायचे ते जोडीनेच. एक नवा आणि एक थकलेला ठेवला तर चिमट्यावर दोन बाजूंनी वेगळा जोर येतो आणि वळणावर गाडी डगमगते.

पुढच्या शॉकअपचं काम एक पायरी वरचं आहे. नळीवर तेलाचं कडं दिसलं की ऑइल सील बदलायचं असतं. त्यासाठी चाक काढावं लागतं, नळ्या बाहेर घ्याव्या लागतात, आणि दोन्ही नळ्यांत कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं तेल सारख्याच मापाने भरावं लागतं. अंदाजाने तेल ओतलं की एक बाजू कडक आणि एक नरम होते. जाणत्या माणसाजवळ उभं राहून एकदा शिकल्यावर हे काम घरी होऊ शकतं. पण सील गळत असताना गाडी चालवत राहू नये. ते तेल ओघळून पुढच्या ब्रेकवर गेलं की ब्रेक पकडत नाही. चिखलाच्या वाटेवरून आल्यावर नळी ओल्या फडक्याने पुसून घेतली, तर सीलचं आयुष्य वाढतं. हे काम मुलंही करू शकतात.

चारचाकीत लिंक रॉड, स्टॅबिलायझरचे बुश, आणि ज्या गाड्यांत मागचा शॉकअप स्प्रिंगपासून वेगळा आहे तिथे तो शॉकअप, एवढी कामं हौशी माणसाच्या आवाक्यात आहेत. नट गंजलेले असतात, म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांना गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं.

इथे एक गोष्ट पुष्कळ गॅरेजांतही चुकते. रबरी बुशच्या आत लोखंडी नळी असते आणि बोल्ट आवळला की ती नळी जागच्या जागी धरली जाते. चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी खाली टेकल्यावर आतलं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुशही लवकर फाटतो. म्हणून बोल्ट आधी हाताने लावायचा, गाडीचं वजन चाकावर येऊ द्यायचं, आणि मगच शेवटचा आवळा द्यायचा. काम घरी होवो की गॅरेजात, हे आवर्जून पाहावं.

इथे थांबावं

बहुतेक लहान मोटारींना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात बसवले. जागा वाचली, खर्च वाचला, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापासून ही रचना जगभर पसरली. तिचा धोका तिच्या सोयीतच आहे. स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत बसवलेली असते. लहान गाडीतही तिच्यात शेकडो किलोंचा जोर साठलेला असतो. स्प्रिंग कॉम्प्रेसरने तिला नीट धरल्याशिवाय माथ्यावरचा नट सोडला, तर ती सुटून माणसाचा हात किंवा जबडा मोडू शकते, जीवही घेऊ शकते. दोरीने किंवा तारेने बांधून हे काम करू नये. हे काम सरावाच्या माणसाकडे आणि चांगल्या कॉम्प्रेसरवरच झालं पाहिजे.

लोअर आर्मचा बुश काढायला आणि बसवायला प्रेस लागते. हातोडीने ठोकून बसवलेल्या बुशची कड चेपते, आर्म वाकू शकतो. बॉल जॉइंटचं काम तर जिवाशी थेट जोडलेलं आहे. तो सुटला की चाक आत दुमडतं आणि स्टेअरिंगचा उपयोग राहत नाही. त्याचा नट आणि स्प्लिट पिन जुने वापरू नयेत. स्ट्रट, लोअर आर्म किंवा टाय रॉड, यांपैकी काहीही बदललं की अलाइनमेंट करून घ्यावं लागतं आणि ते यंत्र घरी नसतं.

घरी काम करताना सगळ्यात मोठा धोका जॅकचा आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे. विटा आणि दगड भाराखाली अचानक फुटतात. शेतात किंवा अंगणातल्या काळ्या मातीत जॅकचा पाय बघता बघता रुततो. सिमेंटची सपाट जागा, जमिनीवरच राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके, आणि चेसिसखाली घोड्या एवढी सोय नसेल, तर त्या दिवशी काम करू नये.

सांध्यांची काळजी आज जास्तच घ्यावी लागते. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग खुला आहे. गावच्या खड्ड्यांतून ताशी तीस किलोमीटरने निघालेली गाडी जालन्याजवळ या मार्गावर चढते आणि थोड्याच वेळात १२० ला पोचते. गावच्या रस्त्यावर जो ढिला सांधा नुसती खडखड करून त्रास देत होता, तोच तिथे सगळ्या घराचा घात करू शकतो. लांबच्या प्रवासाआधी हवा आणि इंजिन ऑइल पाहतो, तसे चाकांचे सांधेही पाहिले पाहिजेत.

पाट्यांची दुनिया

ट्रक, पिकअप आणि बोलेरोच्या मागच्या बाजूची गोष्ट वेगळी आहे. तिथे पाटे असतात. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, मधोमध सेंटर बोल्ट, ॲक्सलला धरणारे यू बोल्ट. २००५ मध्ये टाटा एस आली आणि शेतमालाच्या लहान वाहतुकीसाठीही पाट्यांची गाडी दारात उभी राहिली.

पाट्याचं काम जड आहे, तरी पाहणी सोपी आहे. यू बोल्ट ढिले झाले की सगळा भार सेंटर बोल्टवर येतो, तो तुटतो, आणि ॲक्सल तिरपा सरकतो. म्हणून पाटे बसवल्यावर थोडी गाडी चालवून यू बोल्ट पुन्हा आवळून घ्यायचे असतात. ही खेप मालक विसरतात. मोडलेल्या पाट्याला वेल्डिंग करून गाडी रस्त्यावर आणणं तर साफ चुकीचं आहे. पाट्याच्या पोलादाला ठरावीक उष्णतेवर पाणी दिलेलं असतं. वेल्डिंगच्या आगीने तो गुण जातो, जोडाच्या बाजूची जागा ठिसूळ होते आणि पाटा तिथेच पुन्हा तुटतो. याच कडक पोलादामुळे बाद झालेल्या पाट्याला लोहाराकडे मागणी असते. त्याचा कोयता, विळा, कुऱ्हाड चांगली होते, धार टिकते. गाडीसाठी संपलेला पाटा ऊसतोडीच्या फडात वर्षानुवर्षं चालतो.

पाटे मोडण्याचं मूळ मात्र बहुधा भारात असतं. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ खास रस्ते बांधून त्यावर ट्रक चालवले गेले. त्या चाचणीतून निघालेला निष्कर्ष आजही रस्त्यांच्या आखणीत वापरला जातो: रस्त्याची हानी ॲक्सलवरच्या भाराच्या साधारण चौथ्या घातात वाढते. भार दुप्पट केला तर नुकसान सोळा पट. भारत सरकारने जुलै २०१८ मध्ये भाराच्या मर्यादा वाढवल्या, दोन ॲक्सलच्या ट्रकची मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेली. त्याहीपुढे माल भरता यावा म्हणून जादा पाटा टाकून घेतला जातो. जादा पाट्याने गाडी बसत नाही एवढंच; ब्रेक, टायर, ॲक्सल आणि चेसिस तेच राहतात. तो भार रस्ता फोडतो आणि फुटलेला रस्ता गावातल्या प्रत्येक मोटारसायकलचा शॉकअप आणि प्रत्येक रिक्षाचा बुश खातो. सस्पेन्शनचा खर्च असा एकाच्या गाडीतून दुसऱ्याच्या खिशात जातो.

पार्ट अस्सल हवा

काम कुणीही करो, पार्ट खोटा असेल तर कष्ट वाया जातात. शॉकअपसाठी फार लांब जायलाही नको. जालन्यापासून साधारण पाऊणशे किलोमीटरवर वाळूजमध्ये १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे आणि तिथल्याच एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीजसारख्या कंपन्या दुचाकींचे शॉकअप बनवतात. मुंबईत मुलुंडला १९६१ मध्ये सुरू झालेली गॅब्रिएल ही शॉकअपची जुनी कंपनी. तरीही बाजारात नावाशी मिळतंजुळतं नाव लावलेला स्वस्त माल असतो. त्यातलं रबर काही महिन्यांत चिरतं. पक्कं बिल घ्यावं, पार्ट नंबर जुळवून पाहावा, आणि काढलेला जुना पार्ट परत मागावा. जुना पार्ट हातात घेतला की तो खरंच झिजला होता का हे कळतं.

सुटा पार्ट आणि माहिती स्वतंत्र गॅरेजला मिळणं हा हक्काचाही प्रश्न आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, कारण या कंपन्या सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात येऊ देत नव्हत्या. त्यावर पुढे अपिलं झाली, पण मुद्दा कायम राहिला. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि वर्षअखेरीस पोर्टल सुरू केलं; त्यात मोटारी आणि शेतीची अवजारंही आहेत. टॉर्कचे आकडे, तेलाची मापं, पार्ट नंबर मराठीत आणि फुकट उपलब्ध झाले, तर त्याचा पहिला फायदा जालन्यासारख्या जिल्ह्यातल्या छोट्या गॅरेजला होईल.

उस्तादाचा मान

मराठवाड्यातल्या गॅरेजांत शिकणारी पोरं मिस्त्रीला उस्ताद म्हणतात. या उस्तादांपैकी कित्येकांनी कधी वर्गात पाऊल ठेवलेलं नाही. त्यांची शाळा म्हणजे गाडीच्या खालची जागा. आवाजावरून बुश ओळखणारा हा माणूस डोळ्यांवर संरक्षक चष्मा न लावता, कधी घोडीशिवाय, गुडघ्यांवर वर्षं काढतो. त्याच्या मजुरीवरून घासाघीस करणारे आपण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये बिलावर मुकाट सही करतो. हा अन्याय आहे. मजुरी वाजवी असावी, बिल लेखी असावं, आणि ती मजुरी देताना हात आखडू नये. आयटीआयमधला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पोरांसाठी आहे. ज्याचे हात आधीच शिकलेले आहेत त्याला पूर्वज्ञानाच्या आधारे प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनेत आहे. ती गॅरेजच्या दारापर्यंत पोचवली पाहिजे.

मालकांसाठीही काही करता येईल. तालुक्याच्या आयटीआयने महिन्यातून एका रविवारी वर्कशॉप उघडावं. गाडी घोडीवर कशी ठेवायची, खेळ कसा तपासायचा, मोटारसायकलचे शॉकअप कसे बदलायचे, एवढंच शिकवावं. दुधाच्या फेऱ्या करणारा तरुण, स्कूटीवर शाळेत जाणारी शिक्षिका, पिकअपचा चालक, सगळ्यांना ते उपयोगी पडेल. नुसत्या सरकारी तपासणीवर विसंबून चालत नाही: मालवाहू गाडीची फिटनेस तपासणी पहिली आठ वर्षं दोन वर्षांतून एकदा आणि त्यानंतर दरवर्षी होते. या दोन तपासण्यांच्या मधला सगळा काळ गाडीची जबाबदारी चालवणाऱ्याची असते.

म्हणून माझी वाटणी अशी: निदान प्रत्येकाने शिकावं. मोटारसायकलचे मागचे शॉकअप, लिंक रॉड, साधे बुश ज्याला हौस आणि सपाट जागा आहे त्याने घरी बदलावेत. दाबलेली स्प्रिंग, प्रेसचं काम, बॉल जॉइंट आणि पाटे मिस्त्रीकडे द्यावेत, आणि ते होताना शेजारी उभं राहून पाहावं. जाणता मालक आणि मान मिळालेला मिस्त्री एकमेकांना सावध ठेवतात. रस्ते सुधारायला वेळ लागेल, त्यासाठी भांडत राहावं लागेल. पण त्या रस्त्यावरून घरची माणसं सुखरूप न्यायची, तर ही वाटणी आपल्याला आजच करता येते.